नदीचा इशारा

(कोल्हापूर जिल्ह्यात दर पावसाळ्यात पंचगंगेचे पाणी चढते. अलीकडच्या वर्षांत हे पूर अधिक मोठे झाले आहेत. पाणी येण्यापूर्वी, पाणी असताना आणि पाणी ओसरल्यावर आपले व शेजाऱ्यांचे आरोग्य कसे सांभाळावे, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, पंचगंगा ही कोल्हापूरची नदी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या सह्याद्रीच्या डोंगरातून वाहत येतात. सरस्वती ही पाचवी नदी गुप्तपणे वाहते, असे लोक मानतात. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे त्यांचा संगम होतो आणि तेथून पुढे त्यांना पंचगंगा हे एकच नाव मिळते. शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते. आपला ऊस, आपली गुऱ्हाळे, आपले दूधदुभते आणि आपल्या घागरीतले पाणी यांचा या नदीशी फार जवळचा संबंध आहे.

या नदीवर कसबा बावडा येथे राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात या बंधाऱ्यावर नदीची पातळी फुटांत मोजतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात दोन माणसे भेटली, की “पाणी किती फुटांवर गेलं?” हाच पहिला प्रश्न असतो. ३९ फूट ही इशारा पातळी आहे आणि ४३ फूट ही धोका पातळी आहे. हे दोन आकडे तुम्ही आपल्या घराच्या पत्त्याप्रमाणे पाठ करून ठेवा.

‘इशारा’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत इशारा म्हणजे खूण किंवा संकेत. मराठीत मात्र इशारा म्हणजे धोक्याची आगाऊ सूचना. शब्द एकच, पण मराठीत त्याला थोडा अधिक अर्थ आहे. नदीच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ खरे ठरतात. नदी खूण करते. ज्याला ती खूण कळते, तो सावध होतो. ज्याला कळत नाही किंवा जो कळूनही बसून राहतो, तो संकटात सापडतो.

पंचगंगेचा पूर सहसा क्षणात येत नाही. पाऊस पडतो गगनबावड्याच्या, राधानगरीच्या आणि शाहूवाडीच्या डोंगरात. ते पाणी ओढ्यांतून नद्यांत आणि धरणांत येते. छत्रपती शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण काठोकाठ भरले, की हे दरवाजे पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट, म्हणजे सुमारे ४० हजार लिटर पाणी बाहेर पडते. ते कोल्हापूरपर्यंत पोहोचायला काही तास लागतात. हे काही तास आपल्या हातात असतात. पुराच्या वेळी त्यांच्याइतके मोलाचे दुसरे काही नसते.

या तासांचे मोल किती, हे गेल्या काही वर्षांनी आपल्याला शिकवले आहे. १९८९ साली आणि २००५ साली कोल्हापूरने मोठे पूर पाहिले होते. जुनी माणसे घराच्या भिंतीवरील खूण दाखवून सांगत, “पाणी इथवर आलं होतं.” पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये नदीने ५५ फुटांची पातळी ओलांडली. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी या गावांना पाण्याने वेढले. शिरोळ तालुक्यातील अनेक गावांची वाट बंद झाली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आले आणि वाहतूक अनेक दिवस थांबली. लष्कर, नौदल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या जवानांनी नावांतून लोकांना बाहेर काढले. त्या वेळी सर्वांना वाटले, की एवढा पूर पुन्हा आपल्या हयातीत येणार नाही. पण अवघ्या दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी ५६ फुटांच्याही वर गेले. जुलै २०२४ मध्येही नदीने धोका पातळी ओलांडली.

यातून पहिला धडा घ्यायचा तो असा : मागच्या पुराची खूण ही पुढच्या पुराची हद्द नव्हे. “आमच्या उंबऱ्याला आजवर कधी पाणी लागलं नाही,” असे म्हणून घरात बसून राहणे धोक्याचे आहे. नदी जुन्या खुणा पाहून थांबत नाही.

तुम्ही विचाराल, पूर तर पूर्वीही येत होते. मग आता असे का होते? याला दोन कारणे आहेत. एक कारण आकाशातले आहे, तर दुसरे जमिनीवरचे.

कोळसा, पेट्रोल आणि डिझेल जाळल्यामुळे हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतो. हा वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. एकोणिसाव्या शतकाच्या मानाने पृथ्वीचे सरासरी तापमान १ अंश सेल्सिअसहून अधिक वाढले आहे. एक अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण हवा एका अंशाने तापली, की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. समुद्रही तापतो आणि अधिक वाफ वर जाते. मग पाऊस पडतो तेव्हा कमी दिवसांत फार जोराने पडतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असे त्यांना आढळले. चार महिन्यांचा पाऊस शेतकऱ्याला हवा असतो. तोच पाऊस चार दिवसांत कोसळला, तर तो कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

दुसरे कारण आपल्या हातचे आहे. पूर आला, की नदीला पसरायला जागा लागते. ही जागा दाखवण्यासाठी नकाशावर दोन रेषा आखतात. २५ वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेला पूर जेथवर पोहोचतो, ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येण्याची शक्यता असलेला पूर जेथवर पोहोचतो, ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत घरे बांधली, भराव टाकले आणि ओढे-नाले बुजवले, तर पाणी दुसरी वाट शोधते. कोल्हापूर शहरातून जयंती नाला वाहतो. नदी फुगली, की नाल्याचे पाणी नदीत शिरू शकत नाही. उलट मागे सरून वस्तीत येते. नाल्यात टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी अशा वेळी आपल्याच दारात परत येते.

आता आपण काय करावे ते पाहू. आपले काम तीन वेळचे आहे : पाणी येण्यापूर्वी, पाणी असताना आणि पाणी गेल्यावर.

पाणी येण्यापूर्वी

३९ फुटांची बातमी आली, की घरातील मंडळींनी एकत्र बसून ठरवावे : कोण कोणाला घेऊन निघणार, कोठे जाणार आणि कोणत्या वाटेने जाणार. रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पुस्तक, शाळेचे दाखले आणि दवाखान्याची कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावीत. दादीची रक्तदाबाची गोळी, नानांचे मधुमेहाचे औषध, लहान बाळाचे दूध आणि लस टोचल्याचे कार्ड हेही त्या पिशवीत किंवा तिच्या शेजारी असावे. पुराच्या दिवसांत औषधांची दुकाने बंद राहतात. मधुमेहाचे किंवा हृदयविकाराचे औषध चार दिवस चुकले, तर पाण्याने न झालेले नुकसान औषधावाचून होते. म्हणून दोन आठवड्यांचे औषध आधीच आणून ठेवावे. गरोदर स्त्रीचे दिवस भरत आले असतील, तर तिला आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे न्यावे.

दरवर्षी सूचना मिळूनही काही लोक घर सोडत नाहीत. त्यांना हट्टी म्हणून सोडून देऊ नका. त्यांची अडचण समजून घ्या. कोणाच्या गोठ्यात दोन म्हशी असतात आणि त्यांच्याच दुधावर घर चालते. कोणाला चोरीची भीती वाटते. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असते. निवारा केंद्रात स्वच्छतागृह वेगळे असेल का, आडोसा असेल का, अशी चिंता स्त्रियांना असते, पण त्या ती बोलून दाखवत नाहीत. या अडचणी आधी सोडवल्या, तर माणसे वेळेवर निघतात. २०१९ चा अनुभव गाठीशी असल्यामुळे २०२१ मध्ये नदीकाठच्या अनेक गावांतील लोक जनावरांसह आधीच उंच जागी गेले. कोल्हापुरातील सुतारवाड्यासारख्या सखल वस्तीतील कुटुंबांना पाणी दाराशी येण्याआधीच हलवतात, तेही याच कारणासाठी. जनावरे नेता येत नसतील, तर त्यांची दावी तरी सोडावीत. बांधलेले जनावर पोहू शकत नाही.

उशीर झाला, की काय होते याचे एक दुःखद उदाहरण आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना नेणारी नाव उलटली. नावेत तिच्या शक्तीपेक्षा अधिक माणसे बसली होती. स्त्रिया आणि मुलांसह अनेकांचे प्राण गेले. ती माणसे जीव वाचवण्यासाठीच निघाली होती. पाय कोरडे असताना निघणारा चालत जातो. पाणी चढल्यावर निघणाऱ्याला नावेची वाट पाहावी लागते.

पाणी असताना

पाणी घरात शिरण्याची चिन्हे दिसताच विजेचे मेन स्विच बंद करावे आणि गॅसच्या टाकीचा रेग्युलेटर काढून ठेवावा. ओल्या हाताने किंवा पाण्यात उभे राहून बटणाला हात लावू नये. तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नये, महावितरणला कळवावे. वाहत्या पाण्यातून रस्ता ओलांडू नये. गुडघाभर पाण्याच्या ओढीनेही मोठे माणूस खाली पडते. पूर पाहण्यासाठी पुलावर गर्दी करणे हा तमाशा नव्हे. आपल्याला सोडवण्यासाठी मग दुसऱ्या कोणाला जीव धोक्यात घालावा लागतो. नावेत बसताना नावाड्याचे ऐकावे, जीवरक्षक जाकीट घालावे आणि जागा भरली असेल, तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

पुरात साप, विंचू हेही आपल्यासारखेच उंच जागा शोधतात. लाकडे, कपडे, चपला झटकून मगच हातात घ्याव्यात. साप चावला, तर जखम कापू नये, चोखू नये आणि घट्ट दोरी बांधू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला लवकरात लवकर सरकारी दवाखान्यात न्यावे. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे क्रमांक लक्षात ठेवा.

पाणी गेल्यावर

पाणी ओसरले, की लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण आरोग्याच्या दृष्टीने खरी परीक्षा आता सुरू होते. पुराच्या पाण्यात गटारे, उकिरडे, मेलेली जनावरे, शेतातील औषधे असे सारे मिसळलेले असते. पाणी जाते, घाण मात्र विहिरीत, टाकीत, भिंतीवर आणि अंगणात राहते.

पुरात सगळीकडे पाणीच पाणी असते आणि प्यायला मात्र पाणी नसते. २०१९ मध्ये कोल्हापूरकरांनी हे अनुभवले. नदीकाठची पाणी उपसा केंद्रे पाण्याखाली गेली, पंप बंद पडले आणि शहराचे नळ कोरडे झाले. भर पावसात लोक टँकरच्या रांगेत उभे होते. अशा वेळी मिळेल ते पाणी पिण्याचा मोह होतो. दूषित पाण्यामुळे जुलाब, कॉलरा, विषमज्वर आणि कावीळ हे आजार होतात. त्यासाठी पूरच यावा लागतो असेही नाही. २०१२ साली आपल्याच जिल्ह्यात इचलकरंजीला कावीळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले आणि काहींचे प्राणही गेले. ही कावीळ दूषित पाण्यातून पसरते आणि गरोदर स्त्रियांना तिचा धोका अधिक असतो.

म्हणून पाणी आधी स्वच्छ कापडाने गाळावे आणि मग उकळावे. खळखळून उकळी फुटल्यावर आणखी काही मिनिटे ते आचेवर ठेवावे. सरपण किंवा गॅस नसेल, तर आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या किंवा थेंब वेष्टनावरील सूचनेप्रमाणे पाण्यात घालावेत आणि अर्धा तास थांबून मगच ते पाणी प्यावे. पूर आलेली विहीर आधी उपसून स्वच्छ करावी लागते. मग तिच्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात. साधारणपणे हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर लागते. हे काम ग्रामपंचायतीचे आणि आरोग्य कर्मचाऱ्याचे आहे. पण ते झाले की नाही, हे विचारण्याचा हक्क गावातील प्रत्येकाला आहे.

जुलाब झालेला माणूस जंतूंपेक्षा अंगातील पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे दगावतो. एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट लहान चमचा घालून ढवळले, की घरगुती औषध तयार होते. ते घोट घोट पाजत राहावे. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच. या साध्या पाण्याची ताकद १९७१ साली जगाला दिसली. तेव्हा बांगलादेशातून लाखो निर्वासित भारतात आले होते. पश्चिम बंगालमधील बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने माणसे मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आई, बहीण, शेजारी यांच्या हातांनी हजारो जीव वाचले. २०२३ साली डॉ. महालनाबीस यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

पुरानंतर येणारा दुसरा आजार म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या व जनावरांच्या मूत्रातील जंतू चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून किंवा जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या पुरानंतर मुंबईत या आजाराची मोठी साथ आली. चिखल काढताना बूट आणि हातमोजे घालावेत. बूट नसतील, तर निदान जखम झाकावी आणि काम संपताच साबणाने हातपाय धुवावेत. हा आजार दोन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत केव्हाही डोके वर काढतो. ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे आहेत. असे झाल्यास घरी अंगावर न काढता डॉक्टरांकडे जावे आणि “मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो,” हे आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने डॉक्टरांना आजार ओळखायला मदत होते.

तिसरा शत्रू डास. डेंग्यूचा डास घाणीत नव्हे, तर साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळावा. त्या दिवशी हौद, बादल्या, माठ रिकामे करून घासावेत. टायर, करवंट्या, फुटके डबे फेकून द्यावेत. भिजलेले धान्य, बुरशी आलेले पीठ आणि पुरात सापडलेली औषधे यांचा मोह धरू नये. मातीच्या भिंती पाणी ओसरल्यावरही कोसळतात; त्यांच्या आडोशाला बसू नये.

एकट्याचे नव्हे, सर्वांचे काम

कोणी म्हणेल, “आमचे घर उंचावर आहे. आम्हांला याच्याशी काय करायचे?” पण साथ उंच-सखल पाहत नाही. सखल वस्तीतील एका घरात कॉलरा आला, तर त्याच नळाचे पाणी उंचावरच्या घरातही येते. म्हणून शेजाऱ्याचे आरोग्य सांभाळणे हे आपल्या आरोग्याचेच कुंपण आहे.

हे आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. २०१९ च्या पुरात तालमींची आणि मंडळांची मुले दोर घेऊन पाण्यात उतरली. घराघरांतून भाकरी आणि चपात्या जमवून निवारा केंद्रांत पोहोचवल्या गेल्या. त्या वर्षी बकरी ईद १२ ऑगस्टला होती आणि अनेक गावे तेव्हाही पाण्याने वेढलेली होती. अनेक मुस्लिम बांधवांनी ईद साधेपणाने साजरी करून खर्चाची रक्कम पूरग्रस्तांसाठी दिली. भाकरी कोणाच्या घरची आहे, हे भुकेलेल्याने विचारले नाही आणि घेणाऱ्याचे नाव देणाऱ्याने विचारले नाही.

मित्रांनो, तुम्ही अजून लहान आहात. पण तुमच्यासाठीही काम आहे. जून महिन्यात आपल्या गल्लीची एक यादी करा. कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसे आहेत? कोणाला चालता येत नाही? कोणाला ऐकू येत नाही, म्हणजे त्यांना भोंग्यावरची सूचना कळणार नाही? कोणाच्या घरी तान्हे बाळ आहे? ही यादी मोठ्या माणसांकडे, आशाताईंकडे किंवा शिक्षकांकडे द्या. शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोज पाण्याची पातळी लिहा. ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांना वर्तमानपत्रातील सूचना उर्दूत समजावून सांगा. तुम्हांला दोन भाषा येतात. पुराच्या दिवसांत हीसुद्धा एक मोठी मदत आहे. आणि एक पथ्य पाळा : खात्री केल्याशिवाय “धरण फुटलं” यासारखी बातमी कोणाला सांगू नका. अफवेमुळे माणसे अंधारात वाट फुटेल तिकडे धावतात आणि पुढच्या वेळी खऱ्या सूचनेवरही विश्वास ठेवत नाहीत.

आकाशातला पाऊस आपण थांबवू शकत नाही. परंतु इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. या दोहोंमध्ये चार फुटांचे अंतर आहे. त्या चार फुटांत एक म्हातारी आजी उंच जागी पोहोचू शकते, एका गरोदर बहिणीला दवाखाना गाठता येतो, दोन म्हशींची दावी सुटतात आणि शेजारच्या घराचे दार ठोठावता येते. येत्या पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा ऐकाल, तेव्हा नुसते “अरे बापरे!” म्हणून थांबू नका. उठा आणि पहिले दार ठोठवा.

शब्दार्थ

संगम – नद्या एकत्र मिळण्याची जागा
पातळी – पाण्याची उंची
आगाऊ – आधी, वेळेपूर्वी
हयात – जिवंत असण्याचा काळ
बाष्प – वाफ
अतिवृष्टी – फार जोराचा पाऊस
सखल – खोलगट, खालच्या बाजूची (जमीन)
दावे – जनावर बांधण्याची दोरी (अनेकवचन : दावी)
ओसरणे – (पाणी) कमी होणे, उतरणे
दूषित – घाण मिसळलेले
दगावणे – मरण पावणे
निर्वासित – संकटामुळे आपला देश किंवा घर सोडावे लागलेला माणूस
पथ्य – पाळायचा नियम
अफवा – खोटी किंवा खात्री नसलेली बातमी

वाक्प्रचार

गाठीशी असणे – जवळ असणे
अंथरुणाला खिळणे – आजारपणामुळे उठता न येणे
अंगावर काढणे – औषध न घेता आजार सहन करणे
डोके वर काढणे – पुन्हा किंवा अचानक दिसू लागणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पंचगंगा नदी कृष्णेला कोठे मिळते?
(आ) राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी व धोका पातळी किती आहे?
(इ) निळी रेषा म्हणजे काय?
(ई) ‘कोरडा दिवस’ कशासाठी पाळतात?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सूचना मिळूनही काही लोक घर का सोडत नाहीत?
(आ) पुरात सगळीकडे पाणी असूनही पिण्याचे पाणी का मिळत नाही?
(इ) लेप्टोस्पायरोसिस कसा होतो? त्याची लक्षणे कोणती?
(ई) बनगावच्या छावणीत डॉ. महालनाबीस यांनी काय केले?

३. कारणे लिहा.
(अ) मागच्या पुराच्या खुणेवर विसंबून राहू नये, कारण....
(आ) उंचावर राहणाऱ्यांनीही सखल वस्तीची काळजी घ्यावी, कारण....

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
गाठीशी असणे, अंगावर काढणे, डोके वर काढणे

५. इशारा, मदत, खबरदारी, तयारी, जमीन हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. त्यांचा मराठीतील अर्थ लिहा. कोणत्या शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत थोडा वेगळा आहे, ते सांगा.

उपक्रम : तुमच्या गल्लीतील किंवा गावातील वडीलधाऱ्या माणसांना भेटून वेगवेगळ्या वर्षी पुराचे पाणी कोठवर आले होते, ते विचारा. तसा एक साधा नकाशा काढा. त्यावर उंच जागा, दवाखाना आणि निवारा केंद्र दाखवा. नकाशातील नावे मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत लिहा व तो सर्वांना दिसेल अशा जागी लावा.